जुन्या सागवानाचं जेवणाचं टेबल: वासा चिरण्यापासून शेवटच्या पॉलिशपर्यंत

गावच्या घराचं छप्पर उतरवलं तेव्हा अंगणात वासे आणि तुळयांचा ढीग पडला होता, कौलं गेली, पत्रा आला, आणि ते सगळं लाकूड जळणाच्या भावात जायला निघालं होतं. त्यातल्या चार तुळया मी हट्टाने बाजूला काढून टेम्पोत घालून पुण्याला आणल्या. वरून काळ्याकुट्ट, धुराने माखलेल्या, पण एका ठिकाणी रंधा मारून बघितला आणि आतून तो मधासारखा रंग आणि सागवानाचा तेलकट वास आला, तेव्हाच ठरलं की याचं जेवणाचं टेबल करायचं. ते कसं केलं ते मापांसकट लिहितोय, म्हणजे कुणाच्या गावी असंच छप्पर उतरत असेल तर लाकूड जाऊ देऊ नका.

आधी एक गोष्ट सांगतो कारण पुढचं सगळं तिच्याभोवतीच फिरतं. माझं पहिलं टेबल फाटलं होतं. एप्रिलच्या कडक उन्हाळ्यात बनवलं, वरची फळी फ्रेमवर चारी बाजूंनी स्क्रू मारून घट्ट आवळली, आणि मला वाटलं मस्त मजबूत झालं. जुलैत फळी मधून फुगून वर आली, आणि पुढच्या मार्चमध्ये रात्री जेवत असताना टाकन आवाज झाला आणि एका टोकापासून हातभर लांब चीर पडली. जोड एकही सुटला नव्हता. लाकूड पावसाळ्यात हवेतली ओल घेतं आणि रुंदीत फुगतं, उन्हाळ्यात आकसतं, लांबीत मात्र जवळपास काहीच फरक पडत नाही. फुगताना त्याला स्क्रूंनी दाबून धरलं तर आतले तंतू चेपतात, आणि मग आकसताना फळी मूळ मापापेक्षाही लहान व्हायला बघते, स्क्रू सोडत नाहीत, आणि शेवटी लाकूडच फाटतं. सागवान बाकीच्या लाकडांच्या मानाने खूपच कमी हलतो, पण तरी अडीच फूट रुंद फळी वर्षभरात चार-पाच मिलिमीटर सहज इकडची तिकडे होते. तेवढी जागा तिला द्यायची.

आता मापं. चार माणसांना ४८ इंच लांब आणि ३० इंच रुंद टेबल पुरतं, एका माणसाला साधारण २४ इंच रुंदी मिळाली की कोपर कोपराला लागत नाही. उंची ३० इंच. खुर्च्या आधीच घरात असतील तर त्यांच्या बसायची उंची मोजा, ती साधारण १७-१८ इंच असते, आणि फ्रेमच्या पट्टीखाली (पाय एकमेकांना जोडणारी आडवी पट्टी) गुडघ्यासाठी २४ इंचांच्या वर जागा राहतेय ना ते बघा. माझ्या टेबलात वरची फळी १ इंच, पट्टी साडेतीन इंच, म्हणजे खाली साडेपंचवीस इंच मोकळे. पाय अडीच बाय अडीच इंचाचे. हे सगळं मिळून निव्वळ लाकूड दीड घनफूट होतं, पण रंधा, कापणी, खिळ्यांची भोकं, टोकाच्या चिरा यात बरंच वाया जातं, म्हणून सव्वादोन घनफूट तरी हाताशी ठेवा. जुन्या लाकडात तर जास्तच.

गावचं लाकूड नसेल तर विकत घ्यावं लागेल, पुण्यात भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये जाऊन उभं राहिलात की सगळे प्रकार दिसतात. व्यापारी सीपी सागवान म्हणतात तो आपला चंद्रपूर-गडचिरोली पट्ट्यातला आणि मध्य प्रदेशातला, जुन्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेसवरून ते नाव पडलं. तो महाग असतो आणि त्याच्या खालोखाल बाहेर देशातून आलेला लागवडीचा सागवान मिळतो. घेताना टोकाकडून बघा, वर्षाच्या रेषा जवळजवळ आहेत का, आणि कडेला पांढुरका भाग किती आहे. तो पांढुरका भाग कितीही स्वस्त मिळाला तरी नको, वाळवीला आणि भुंग्याला तोच आधी लागतो, आतला गडद गाभा टिकतो. कोकणात कुणाकडे फणसाचं लाकूड असेल तर तेही टेबलाला उत्तम, सुरुवातीला पिवळंधमक दिसतं आणि वर्षांगणिक तांबूस तपकिरी होत जातं, आमच्याकडे देव्हारे त्याचेच असायचे.

जुनं लाकूड असेल तर पहिलं काम खिळे. हे काम कंटाळवाणं आहे पण इथे घाई केली तर पुढे रंध्याचं पातं जातं, आणि सॉ मिलवाला तर खिळा दिसला की लाकूड हातच लावत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. मी जुन्या स्पीकरचं लोहचुंबक दोरीला बांधलं आणि तुळईच्या प्रत्येक बाजूवरून हळूहळू फिरवलं, खिळा आत कुठे मोडून राहिलेला असेल तिथे चुंबक किंचित ओढल्यासारखं करतं. तिथे खडूने गोल करायचा. एका तुळईत असे तेवीस गोल निघाले. डोकं वर असेल तर पकड आणि पहार, आत मोडलेला असेल तर बाजूने बारीक ड्रिलने दोन-तीन भोकं पाडून पटाशीने मोकळा करून ओढून काढायचा. भोकाभोवती लाकूड काळं पडलेलं असतं, ते लोखंडामुळे, ते रंधून पूर्ण जात नाही. मी दोन डाग मुद्दाम वरच्या फळीत ठेवले, आजोबांच्या वेळचे खिळे आहेत ते.

मग चिरून आणायचं. फळ्या सव्वा इंचाच्या चिरून घ्या, म्हणजे रंधून १ इंच भरते. पाय पावणेतीन इंचाचे. आणि चिरून आणल्यावर लगेच काम सुरू करू नका, हे मनापासून सांगतोय. ज्या घरात टेबल राहणार आहे त्याच घरात फळ्या एकावर एक, मधे सारख्या जाडीच्या काठ्या घालून, दोन-तीन आठवडे पडू द्या. शंभर वर्षं वाळलेला वासा असला तरी चिरल्यावर आतला भाग उघडा पडतो आणि फळी थोडी वाकते, जे काय वाकायचं ते आधी वाकू दे. नवीन लाकूड असेल तर अजून जास्त थांबा.

हत्यारं फार लागत नाहीत. एक चांगला लोखंडी रंधा, बारीक दातांची करवत, ३ सूत आणि १ इंच अशा दोन पटाश्या, लाकडी हातोडा, काटकोन बघायला गुण्या, रेघ मारायचं मार्किंग गेज, हँड ड्रिल आणि निदान चार लांब क्लॅम्प. (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग, सुतारांकडे आणि दुकानात अजून त्याच भाषेत बोलतात, ते अंगवळणी पडलं की मापं फार सोपी होतात.) धारेचा दगड मात्र हवाच हवा. सागवानात बारीक रेतीसारखा अंश असतो म्हणून धार फार पटकन मरते, मी दर वीस-पंचवीस मिनिटांनी पातं काढून दगडावर लावत होतो. धार नीट आहे का ते रंध्यातून निघणाऱ्या सालीवरून कळतं, लांब, पातळ, गुंडाळी होऊन बाहेर येणारी साल आली की समजायचं बरोबर चाललंय. भुगा यायला लागला की थांबायचं.

फळीला पीळ आहे का ते बघायला दोन सरळ, सारख्या उंचीच्या पट्ट्या घ्या, एक या टोकाला आडवी ठेवा, एक त्या टोकाला, आणि खाली वाकून एका डोळ्याने दोन्हीच्या वरच्या कडा एका रेषेत येतात का बघा. एका बाजूने कड वर दिसली तर तो कोपरा उंच आहे, तेवढाच रंधायचा. एक बाजू सपाट झाली की मग एक कड तिला काटकोनात, मग त्या दोन्हींना धरून बाकीच्या. हा क्रम बदलू नका. मशीनवर जाडी काढून आणणार असाल तरी एक बाजू हाताने सपाट करून न्या, नाहीतर मशीन वाकडी फळी वाकडीच ठेवून पातळ करून देतं.

वरच्या फळीसाठी मला सहा-साडेसहा इंच रुंदीच्या पाच फळ्या जोडाव्या लागल्या. आधी त्या जमिनीवर मांडून उलटसुलट करून बघा, रंग आणि रेषा कशा शोभतात ते, घाई करू नका, ही मांडणी पुढची तीस वर्षं रोज ताटाखाली दिसणार आहे. मनासारखं झालं की सगळ्या फळ्यांवर मिळून खडूने एक मोठा त्रिकोण काढा, म्हणजे नंतर कुठली फळी कुठे आणि कशी हा गोंधळ होत नाही. जोडायच्या दोन कडा एकत्र धरून उजेडासमोर बघा, मधून उजेड दिसता कामा नये. क्लॅम्प आवळून फट बंद करता येते पण ती जबरदस्तीने बंद केलेली फट असते, पहिल्या उन्हाळ्यात ती पुन्हा उघडते.

सागवान तेलकट असतो म्हणून त्याला गोंद धरत नाही अशी तक्रार खूप जण करतात. उपाय सोपा आहे, कडा ताज्या रंधलेल्या हव्यात आणि गोंद लावायच्या जरा आधी थिनर किंवा अॅसिटोनमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसून घ्यायच्या, ते उडून गेलं की लगेच गोंद. काल रंधून ठेवलेल्या कडेला आज गोंद लावू नका, तेल पुन्हा वर येतं. मी फेविकॉल मरीन वापरला कारण जेवणाच्या टेबलावर रोज ओलं फडकं फिरतं. आधी एकदा कोरडेच सगळे क्लॅम्प लावून बघा, कारण उन्हाळ्यात गोंद हातात असताना क्लॅम्प शोधायला वेळ मिळत नाही. दोन क्लॅम्प खालून, दोन वरून, म्हणजे फळी धनुष्यासारखी वाकत नाही. क्लॅम्प नसतील तर जुनी सुतारी पद्धत आहे, एका जाड पाटावर दोन्ही बाजूंना ठोकळे ठोकायचे आणि फळ्या आणि ठोकळ्याच्या मधे दोन पाचरी समोरासमोरून मारायच्या, तेवढाच दाब येतो, पाचरी हळूहळू आलटूनपालटून मारा. जोडाच्या पूर्ण रेषेवर गोंदाचे बारीक मण्यांसारखे थेंब बाहेर आले की दाब पुरे. ते थेंब ओल्या फडक्याने लगेच चोळू नका, गोंद लाकडात पसरतो आणि पॉलिश केल्यावर तिथे फिकट डाग दिसतो, अर्ध्या तासाने घट्टसर झाले की पटाशीने अलगद उचलून काढा. एक पूर्ण दिवस क्लॅम्पला हात लावायचा नाही.

तोपर्यंत फ्रेम. पायांना जोडणाऱ्या चार आडव्या पट्ट्या, साडेतीन इंच उंच आणि रंधून ७ सूत जाड. दोन लांब पट्ट्या कुसवांसकट साडेचाळीस इंच, दोन आखूड साडेबावीस इंच, त्यात प्रत्येक टोकाला सव्वा इंचाचं कुसू, म्हणजे पायातल्या भोकात जाऊन बसणारी पट्टीची जीभ. कुसवाची जाडी ३ सूत, म्हणजे दोन्ही बाजूंना २-२ सुतांचे खांदे राहतात, २ आणि ३ आणि २, सात सूत बरोबर. आधी पायातलं भोक पाडा आणि मग त्या भोकाच्या मापाने कुसू, कारण कुसू रंधून कमी करता येतं, भोक लहान करता येत नाही. पाय वरच्या बाजूने इंचभर लांब ठेवा आणि भोकं झाल्यावर कापा, नाहीतर भोक खणताना वरचं टोक फुटतं. कुसूही पायाच्या वरच्या टोकापासून अर्धा इंच खाली सुरू करायचं, तिथे पट्टीला तेवढी खाच मारा. आधी ड्रिलने ओळीत भोकं पाडून मग ३ सुती पटाशीने मधलं साफ केलं तर काम निम्म्यावर येतं, फक्त पटाशी उभी सरळ हवी, शेजारी गुण्या उभा करून ठेवा आणि त्याच्याकडे बघत मारा. एकाच पायात दोन्ही बाजूंनी येणारी कुसवं आत एकमेकांना भिडतात, म्हणून दोघांचीही टोकं ४५ अंशात तिरकी कापा.

कुसू भोकात कसं बसायला हवं ते सांगतो. हाताच्या दाबाने अर्ध्यापर्यंत जावं आणि पुढे लाकडी हातोड्याच्या दोन-तीन हलक्या टोल्यांनी खांदा पायाला टेकावा. नुसत्या हाताने सुळकन आत गेलं तर सैल आहे, बाजूला पातळ साल चिकटवून पुन्हा बसवा. जोर लावून ठोकावं लागत असेल तर थांबा, पाय फुटेल. कुसू बाहेर काढल्यावर जिथे ते घासतंय तिथे चकाकी दिसते, तेवढंच पटाशीने तासायचं. पहिल्या कुसवाला मला पाऊण तास लागला, आठव्याला दहा मिनिटं.

चिकटवताना आधी आखूड बाजूच्या दोन चौकटी पूर्ण करा, त्या वाळल्या की दुसऱ्या दिवशी लांब पट्ट्या. शेवटी दोन्ही कर्ण टेपने मोजायचे, सारखे आले म्हणजे फ्रेम काटकोनात आहे, फरक असेल तर लांब कर्णाच्या दिशेने क्लॅम्प थोडा तिरका करून गोंद ओला असतानाच ओढून घ्यायचा.

आता वरची फळी फ्रेमवर बसवणं, ज्याच्यासाठी एवढं सगळं सांगितलं. स्क्रू थेट पट्टीतून फळीत मारायचा नाही. पट्टीच्या आतल्या बाजूला, वरच्या कडेपासून ४ सूत खाली, ३ सूत रुंद आणि ३ सूत खोल खाच मारा. मग लाकडाचे छोटे गुटके करा, दीड इंच रुंद, ज्यांच्या एका टोकाला त्या खाचेत सैलसर जाईल अशी जीभ असेल. गुटका स्क्रूने फक्त फळीला आवळायचा, जीभ खाचेत नुसती अडकलेली. फळी खाली धरलेली राहते पण सरकायला मोकळी राहते. लांब बाजूला प्रत्येकी तीन गुटके आणि आखूड बाजूला दोन-दोन. लांब बाजूच्या गुटक्यांच्या जिभेपुढे खाचेत मोकळी जागा ठेवायची, आणि किती ठेवायची ते तुम्ही कुठल्या महिन्यात बसवताय त्यावर आहे. फळी फुगली की गुटके फ्रेमच्या बाहेरच्या दिशेला सरकतात, म्हणून उन्हाळ्यात बसवत असाल तर जिभेपुढे दीड-दोन सूत जागा हवी. भर पावसाळ्यात बसवत असाल तर फळी आधीच फुगलेली आहे, ती आता आकसणार, म्हणून जीभ जवळपास खाचेच्या तळापर्यंत जाऊ द्या, म्हणजे उन्हाळ्यात ती थोडी बाहेर आली तरी सुटणार नाही. आखूड पट्ट्यांच्या मधोमध मात्र एक-एक स्क्रू पक्का मारा, म्हणजे फळी दोन्ही बाजूंना सारखीच सरकते. आणि स्क्रूची लांबी दोनदा तपासा, फळी १ इंचाची आहे आणि स्क्रू वरून बाहेर आला तर सगळी मेहनत गेली.

घासायला ८० नंबरचा कागद, मग १२०, १८०, शेवटी २४०, नेहमी रेषांच्या दिशेने. मधला नंबर गाळू नका, ८०चे ओरखडे पॉलिश लावल्यावरच दिसतात. १८० नंतर ओल्या फडक्याने फळी पुसा, तंतू उभे राहतील, वाळल्यावर २४० मारा. मास्क लावाच, सागवानाची धूळ नाकात आणि कातडीला झोंबते. खिळ्यांची मोठी भोकं भुसा आणि फेविकॉल कालवून भरायची पद्धत आहे पण पॉलिशखाली ते मातकट दिसतं, त्याऐवजी त्याच लाकडाचं छोटं बूच करून रेषा जुळवून बसवा. वरच्या कडा आणि पायांची खालची टोकं जरा गोलसर करा, पाय ओढताना कपचा उडत नाही.

पॉलिशमध्ये चपड्याचं पॉलिश माझं सगळ्यात आवडतं. पळस, बोर, कोशिंबीच्या फांद्यांवर लाखेचे किडे राळ करतात, त्याचा चपडा, तो लिटरभर स्पिरिटमध्ये दीडशे-दोनशे ग्रॅम रात्रभर विरघळवून कापसाच्या बोळ्याने थर देत जायचं. कपाटाला, देव्हाऱ्याला याच्याइतकं सुंदर काही नाही. पण जेवणाच्या टेबलाला नको, गरम कुकर ठेवला की पांढरा गोल उठलाच. पीयू, म्हणजे पॉलियुरेथेनचं पॉलिश, सगळ्यात टणक, पण दोन डबे सांगितलेल्या प्रमाणातच मिसळावे लागतात, पावसाळी हवेत थर पांढरट पडतो, आणि पुढे ओरखडा आला तर तेवढाच दुरुस्त करता येत नाही.

मी जवसाचं तेल लावलं, हार्डवेअरच्या दुकानात डबल बॉईल लिन्सीड म्हणून मिळतं. पहिल्या हाताला निम्मं टर्पेंटाइन घालून पातळ, फडक्याने भरपूर लावायचं, वीस मिनिटं मुरू द्यायचं आणि मग उरलेलं सगळं, अगदी सगळं, कोरड्या फडक्याने पुसून काढायचं. पुसलं नाही तर चिकट थर राहतो आणि तो महिनाभर वाळत नाही. पहिला हात फिरवला तेव्हा राखाडी फळीतून एकदम रेषा वर आल्या, मुलगी बाजूला उभी होती, ती म्हणाली बाबा हे ओलं आहे की असंच दिसणार, मी म्हटलं असंच. एक-दोन दिवसांच्या अंतराने असे चार हात. आणि फळीच्या खालच्या बाजूलाही तेवढेच हात द्या, हे बरेच जण सोडतात, मग खालून ओल जाते, वरून जात नाही आणि फळी वाटीसारखी वाकते. पायांच्या तळव्याला तर दोन हात जास्त, रोज फरशी पुसताना पाणी तिथूनच चढतं.

तेलाची फडकी कधीही गोळा करून कोपऱ्यात टाकू नका. जवसाचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि बोळा करून ठेवलेलं फडकं कुणी काडी न लावता आपोआप पेटू शकतं. बाहेर दगडावर एकेक पसरून पूर्ण वाळवा, नाहीतर पाण्याच्या बादलीत बुडवून ठेवा.

शेवटच्या हातानंतर दोन आठवडे टेबल नुसतं उभं राहू द्या, मग थोडं मेण चोळून वापरायला घ्या, गरम भांड्याखाली मात्र काहीतरी ठेवाच. दरवर्षी पाऊस संपून हवा कोरडी झाली की, म्हणजे दिवाळीच्या सुमारास, एक पातळ हात पुन्हा द्यायचा. आणि पहिल्या जुलैत टेबलाखाली एकदा आडवे होऊन टॉर्च मारून बघा, गुटक्यांच्या जिभा खाचेत पुढे सरकलेल्या दिसतील. माझ्या टेबलात त्या जवळजवळ एक सूत सरकल्या होत्या, वर फळी सपाट होती.